पोटगी, मिळकत आणि दर्जा

पोटगीच्या अर्जात एक वाक्य हमखास असते. 'गैरअर्जदार हा धडधाकट असून त्याचे मासिक उत्पन्न इतके इतके रुपये आहे.' लग्न कधी झाले, मारहाण कधी सुरू झाली, मुले किती, हे सारे बाई सांगू शकते. या वाक्यापाशी मात्र अर्ज अडतो. नवरा बँकेत कारकून असेल तर आकडा सापडतो. तो गवंड्याच्या हाताखाली असेल, हमाल असेल, ऊसतोडीला जात असेल, तर बाई म्हणते, 'कामावर गेला तर मिळतं.' न्यायालयाला हे उत्तर चालत नाही. मग वकील स्वतःच एक आकडा घालतो. तो बहुधा थोडा फुगवलेला असतो, कारण समोरून येणारा आकडा आकसलेला असणार हे त्याला ठाऊक असते. या दोन आकड्यांच्या मध्ये कोठेतरी लेकराचे दूध, वही आणि औषध ठरते.

पोटगीचा इतिहास आपल्याकडे कलमांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. अमुक साली अमुक कलम आले, अमुक साली दुरुस्ती झाली. स्त्रियांच्या चळवळीने तो अधिक सजगपणे सांगितला आहे, त्याचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु या इतिहासाची एक बाजू अद्याप नीट मांडली गेलेली नाही. बापाची मिळकत मोजताना न्यायालयाने कोणत्या बापाला मोजले, कशाने मोजले, आणि कोणाची मिळकत त्याला कधी दिसलीच नाही, ही ती बाजू. आपल्या वस्तीतल्या लेकरांचा प्रश्न नेमका तेथे आहे.

सुरुवात मिळकतीपासून झालेली नाही, वर्णापासून झाली आहे. इंग्रजांची न्यायालये हिंदूंच्या घरगुती तंट्यांत धर्मशास्त्राचा आधार घेऊ लागली, तेव्हा आपल्या भागात त्यांच्यापुढे मुख्य ग्रंथ आला तो मिताक्षरा, म्हणजे याज्ञवल्क्यस्मृतीवरील विज्ञानेश्वराची टीका. लग्नाच्या बायकोच्या मुलांबद्दल फारसा वाद नव्हता. वाद होता तो दासीच्या मुलांबद्दल. त्यांच्याबाबत मिताक्षरेचा नियम असा, की बाप द्विज असेल तर दासीपुत्राला मालमत्तेत वाटा नाही, पोटापुरते तेवढे द्यावे. बाप शूद्र असेल तर मात्र दासीपुत्र वाट्याचा धनी होऊ शकतो. दासीच्या मुलीचा तर विचारच नाही. जुन्या हिंदू कायद्यात अनौरस मुलीला बापाकडून पोटगी मागण्याचा हक्क नव्हता. यात उदारपणा शोधण्याचे कारण नाही. शूद्राचे लग्न आणि शूद्राची मालमत्ता या दोन्ही गोष्टी शास्त्रकारांना इतक्या हलक्या वाटत होत्या, की त्यात कोण वाटेकरी होतो याची त्यांना फिकीर नव्हती. द्विजाच्या घरात मात्र दासीच्या लेकराला दाराबाहेर पत्रावळ वाढायची आणि दार लावून घ्यायचे, अशी ती व्यवस्था होती.

याचा परिणाम असा झाला, की लेकराला काय मिळावे हे ठरवण्यासाठी न्यायमूर्तींना आधी बापाची जात ठरवावी लागे. तंजावरच्या भोसले घराण्याच्या वारशाचा वाद १९२०च्या दशकात मद्रास उच्च न्यायालयात गेला, तेव्हा हे घराणे क्षत्रिय की शूद्र या प्रश्नाची लांबलचक चर्चा निकालपत्रात झाली आणि ते शूद्र ठरले. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळी जो प्रश्न ब्राह्मणांनी उभा केला, तोच अडीचशे वर्षांनी इंग्रजी न्यायालयात आला, फक्त कारण वेगळे होते. एका बाजूला घराण्याचा मान आणि दुसऱ्या बाजूला अनौरस संततीचा हक्क, असा तो पेच होता. बाप शूद्र ठरला तर लेकराला वाटा, क्षत्रिय ठरला तर नुसते पोट! ज्यांना वर्णव्यवस्था ही केवळ मानापमानाची गोष्ट वाटते, त्यांनी हा निकाल जरूर वाचावा.

आणि या सगळ्यात गावकुसाबाहेरचे लेकरू कोठे होते? तीन वर्णांबाहेरचे ते सारे शूद्र अशी ढोबळ वाटणी न्यायालयांनी केली होती, त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने महार-मांग-चांभार शूद्रांत गणले गेले. पण हा सारा कायदा ज्याच्याकडे वाटून देण्यासारखे काही आहे अशा बापाचा होता. जोगतिणीच्या, मुरळीच्या पोरांना तर बापाचे नावच नव्हते. गावातल्या ज्या माणसाचे ते पोर असे, त्याचे नाव सगळ्या गावाला माहीत असे आणि कोणत्याही कागदावर नसे.

दुसरा कायदा आला तो वेगळ्या वाटेने. तो दिवाणी नव्हता, फौजदारी होता. १८७२ची फौजदारी प्रक्रिया संहिता तयार करणारे जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी या तरतुदींचा हेतू स्वच्छ सांगून ठेवला आहे. बायकापोरे टाकून दिली तर ती भीक मागत फिरतील आणि सरकारच्या शांततेला त्रास होईल, तेव्हा भटकेपणाला आळा घालण्याचा हा एक उपाय. याच स्टीफनसाहेबांच्या कारकिर्दीत, १८७१ मध्ये, गुन्हेगार जमातींचा कायदा झाला, हे आपण विसरू नये. हिंडणाऱ्या माणसाची धास्ती दोन्हींच्या मुळाशी आहे. एका कायद्याने पारधी-कैकाड्यांसारख्या हिंडत्या जमातींना हजेरी आणि कुंपण आले, दुसऱ्याने टाकलेल्या लेकराला महिन्याचे चार रुपये.

पण या दुसऱ्या कायद्यात एक गोष्ट अशी होती, की जी धर्मशास्त्राला कधी सुचली नाही. १८९८च्या संहितेतले कलम ४८८ औरस आणि अनौरस असा भेद मानत नव्हते. जात विचारत नव्हते, धर्म विचारत नव्हते. 'पुरेशी साधने असलेला कोणीही माणूस' आपल्या मुलाला पोसत नसेल, तर दंडाधिकाऱ्याने दरमहा रक्कम ठरवून द्यावी, एवढेच त्यात होते. लेकरू त्याचे आहे हे सिद्ध झाले पाहिजे, आणि त्याच्याजवळ साधने असली पाहिजेत. हेतू पोलिसी असला तरी दार उघडे होते. जोगतिणीचे पोर पाटलाकडून पोटगी मागू शकेल, अशी कायद्यात सोय होती. गावात राहून पाटलावर फौजदारी करण्याची सोय मात्र कायदा देऊ शकत नव्हता.

या कलमात रकमेला वरची मर्यादा होती. आरंभी ५० रुपये, १९२३ मध्ये १०० रुपये, १९५५ मध्ये ५०० रुपये. १९७३ची नवी संहिता आली, कलम ४८८चे १२५ झाले, पण ५०० तसेच राहिले. ही मर्यादा कोणाच्या फायद्याची, हे पाहण्यासाठी फार विद्वत्ता लागत नाही. १८९८ साली मुंबईच्या साध्या गिरणी कामगाराला महिन्याची सगळी मजुरी मिळून ५० रुपये मिळत नव्हते. त्याच्या मुलाला या मर्यादेचा अडथळा होण्याचा संभवच नव्हता. अडथळा झाला तो वतनदाराच्या, व्यापाऱ्याच्या, बॅरिस्टराच्या टाकलेल्या मुलाला. म्हणजे मर्यादेने संरक्षण दिले ते श्रीमंत बापाला. गरीब बाप मर्यादेच्या कितीतरी खाली होता, आणि त्याच्यासाठी खालची कोणतीही मर्यादा, म्हणजे लेकराला निदान इतके तरी मिळालेच पाहिजे अशी रेघ, कायद्याने आखली नाही. आजही आखलेली नाही.

शिवाय कलमातली रक्कम 'एकूण' आहे, म्हणजे बायको आणि सारी मुले मिळून ५००, असा अर्थ अनेक वर्षे लावला जात होता. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्या. कृष्ण अय्यर यांनी तो मोडून काढला आणि ५०० ही प्रत्येक हक्कदाराची स्वतंत्र मर्यादा आहे असा निर्वाळा दिला. राज्यघटनेतील स्त्रिया व बालकांसंबंधीच्या कलमाच्या प्रकाशात हे कलम वाचले पाहिजे, ही त्यामागची भूमिका होती. महाराष्ट्राने १९९९ मध्ये मर्यादा १५०० केली आणि २००१च्या केंद्रीय दुरुस्तीने ती पूर्णच काढून टाकली. १९५५ ते २००१, सेहेचाळीस वर्षे ५०० हा आकडा देशाच्या कायद्यात बसून होता. या काळात ज्वारी कोठून कोठे गेली हे वाचकांना सांगायला नको.

मर्यादा असल्यामुळे आणखी एक गोष्ट घडली. मिळकत बारकाईने मोजण्याची गरजच राहिली नाही. शाहबानो प्रकरणाचे राजकारण सर्वांना पाठ आहे, त्यातील आकडे फारसे कोणी सांगत नाही. तो दावा बायकोचा होता, मुलांचा नव्हता, तरी मोजमापाची रीत कळण्यासाठी तो पाहावा. पतीची वकिलीची मिळकत वर्षाला सुमारे ६०,००० रुपये, म्हणजे महिन्याला ५,०००, असे सांगितले गेले होते. इंदूरच्या दंडाधिकाऱ्याने १९७९ मध्ये पोटगी ठरवली महिना २५ रुपये. उच्च न्यायालयाने ती १७९ रुपये २० पैसे केली. पंचवीस रुपये म्हणजे मिळकतीचा अर्धा टक्का. सर्वोच्च न्यायालयाचा १९८५चा निकाल गाजला तो तत्त्वासाठी. पण ज्या दंडाधिकाऱ्याला पाच हजारांच्या मिळकतीतून पंचवीस रुपये पुरेसे वाटले, त्याच्यापुढे रोजंदारीवरच्या माणसाचे पोर उभे राहिले तर त्याने काय ठरवले असते?

आता 'पुरेशी साधने' या शब्दांकडे वळू. साधने म्हणजे काय? जमीनजुमला, पगार? न्यायालयांनी फार लवकर ठरवले, की धडधाकट शरीर हेही साधनच आहे. दिल्ली उच्च न्यायालयाचा १९६८चा एक निकाल याबाबत अजूनही उद्धृत केला जातो. तरुण, धडधाकट माणूस बायकापोरांपुरते कमावू शकतो असे गृहीत धरले पाहिजे, आणि आपण कमावू शकत नाही हे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर, असे त्यात म्हटले आहे. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच पुन्हा सांगितले, की नवरा धडधाकट असेल तर अंगमेहनत करूनही त्याने पैसे मिळवले पाहिजेत. हे तत्त्व मला मान्य आहे. 'माझ्याकडे काही नाही' म्हणत हात झटकणाऱ्या बापाला दुसरे उत्तर नाही. तरी त्या 'करूनही' या शब्दावर थोडे थांबावे लागते. न्यायासनावरून पाहताना अंगमेहनत ही शेवटची पायरी दिसते. आमच्या बापजाद्यांची ती पहिली आणि एकमेव पायरी होती, आणि त्या मेहनतीचे मोल कोणी कधी नीट दिले नव्हते.

बलुत्याचेच पाहा. महाराची मिळकत महिन्याची नव्हती, पैशांची नव्हती. खळ्यावरचे धान्य, सणाचे वाण, येसकरपाळीची भाकर, मेलेल्या जनावराचे कातडे. कलम ४८८ला हवा होता 'मासिक दर'. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले, त्यात बलुत्याच्या जागी रोख मोबदल्याची सोय होती. त्या मागणीचा अर्थ आपण स्वाभिमानाच्या अंगाने लावतो, तो बरोबरच आहे. पण भाकरीऐवजी पैसा आला म्हणजे मिळकत मोजता येते, तिच्यावर कोणाचा किती हक्क हे सांगता येते, हाही अर्थ त्यात आहे. वतने गेली ती १९५८च्या कायद्याने. तोवर काडीमोड झाली तर निवाडा जातपंचायतीत होई. कोणाच्या घरात किती पायल्या धान्य येते हे त्या पंचांना न्यायाधीशापेक्षा जास्त ठाऊक होते. त्यांनी ते लेकरासाठी किती वेळा विचारले, हा प्रश्न आपण आपल्याच माणसांना विचारला पाहिजे.

हिंदू कोड बिलाची कथा येथे विस्ताराने सांगत नाही. बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले आणि बिलाचे तुकडे पुढे १९५५-५६ मध्ये वेगवेगळ्या कायद्यांच्या रूपाने मंजूर झाले, हे वाचकांना ठाऊक आहे. त्यातल्या १९५६च्या दत्तक व निर्वाह कायद्याच्या विसाव्या कलमाने आईबाप दोघांवरही मुलांना पोसण्याची जबाबदारी टाकली, औरस असोत वा अनौरस, मुलगा असो वा मुलगी. दासीच्या मुलीला शास्त्राने जे नाकारले होते, ते तिला या कलमाने दिले. बापाचा वर्ण विचारण्याचे कारण संपले. धर्मांतरित बौद्धांनाही हा कायदा लागू आहे. बौद्ध पद्धतीच्या लग्नात सप्तपदी नाही, म्हणून लग्नच नाही, असे म्हणत बायकोला झटकू पाहणाऱ्या नवऱ्याला मुलाच्या बाबतीत त्या सबबीचा उपयोग नाही. बाबासाहेबांची दीक्षा घ्यायची आणि न्यायालयात सप्तपदी शोधायची, याला काय म्हणावे?

परंतु त्याच कायद्याच्या तेविसाव्या कलमात रक्कम ठरवण्याचे जे निकष आहेत, त्यातला पहिला आहे 'पक्षकारांचे स्थान आणि दर्जा'. गरजा, स्वतःची मिळकत, पोसण्याच्या माणसांची संख्या हे निकष त्यानंतर येतात. दर्जा या शब्दाचा हेतू चांगला असू शकतो. बाप मोटारीतून फिरतो तर मुलाने अनवाणी फिरू नये, हे योग्यच. पण दर्जाचे माप वर चढते तसे खालीही उतरते. झोपडीतल्या बाईच्या लेकराला 'त्यांच्या राहणीमानाप्रमाणे' पुरेसे, असे म्हणून रक्कम ठरते तेव्हा आजवरची गरिबी हाच पुढच्या गरिबीचा पुरावा होतो. वर्ण दारातून गेला आणि दर्जा खिडकीतून आत आला, असे कोणी म्हटले तर ती केवळ कोटी समजू नये.

मिळकत खऱ्या अर्थाने मोजली गेली ती नोकरदाराची. १९७०चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल या बाबतीत पायाभूत आहे. वैद्यकीय महाविद्यालयातल्या एका अध्यापकाच्या पगारातून काय वजा करायचे, हा त्यात प्रश्न होता. आयकर वजा होईल, सक्तीची भविष्यनिर्वाह निधीची वर्गणी वजा होईल, पण घरभाडे आणि वीजपाण्याचा खर्च वजा होणार नाही, असे ठरले. पत्नीची पोटगी उत्पन्नाच्या २५ टक्क्यांच्या मर्यादेत ठेवली गेली. हे २५ टक्के पुढे २०१७च्या निकालातही सर्वोच्च न्यायालयाने आधाराला घेतले. मुलांबाबत २०००च्या एका निकालात आईही नोकरी करणारी होती. बापाचा पगार तिच्या सुमारे दुप्पट, म्हणून मुलांचा खर्च दोनास एक या प्रमाणात वाटला गेला. हिशेब स्वच्छ होता, कारण दोन्ही पगारपत्रके समोर होती.

आरक्षणामुळे आपल्यातली एक पिढी रेल्वेत, पोस्टात, नगरपालिकेत, शाळेत लागली आणि इतिहासात प्रथमच तिची मिळकत कागदावर आली. पोटगीच्या न्यायालयात याचा एक उलटा परिणाम दिसतो. नगरपालिकेच्या सफाई कामगाराचा पगार पैपर्यंत दिसतो आणि वीस एकर बागायतीचा मालक गरीब दिसतो. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे विवरणपत्र नाही. सातबारा आईच्या नावावर, ट्रॅक्टर भावाच्या, दुधाचा पैसा तिसऱ्याच्या खात्यावर. हे मी नोकरदाराची बाजू घेण्यासाठी सांगत नाही. आपला नोकरदारही कमी नाही. पोटगीची नोटीस येताच पतपेढीतून कर्ज काढायचे, विम्याचे हप्ते वाढवायचे, आणि हातात येणारा पगार निम्म्यावर आणून तो न्यायालयाला दाखवायचा, ही युक्ती त्याला कोणी शिकवावी लागली नाही. न्यायालये अशा स्वखुशीच्या कपाती सहसा मानत नाहीत, आणि मानू नयेत. म्हातारे आईबाप, शिकणारा भाऊ, बहिणीचे लग्न ही पहिल्या पिढीच्या नोकरदाराची ओझी खरी असतात. न्यायालयाने ती ऐकावीत. पण त्या यादीत स्वतःच्या लेकराचे नाव सगळ्यांत शेवटी का येते, याचे उत्तर जयंतीच्या वर्गणीची पावती दाखवून देता येणार नाही.

लपवाछपवीवर उपाय म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी एक महत्त्वाचा निकाल दिला. रजनेश विरुद्ध नेहा या नावाने तो ओळखला जातो. प्रकरण नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून निघाले होते. तेथे मुलाला आधी दरमहा ५,००० आणि सप्टेंबर २०१५ पासून १०,००० रुपये मंजूर झाले होते. न्या. इंदू मल्होत्रा व न्या. सुभाष रेड्डी यांनी देशभरच्या न्यायालयांसाठी नियम घालून दिले. दोन्ही पक्षांनी आपली मालमत्ता, मिळकत, देणी यांचे शपथपत्र द्यायचे, खोटे सांगितले तर कारवाई, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून. शेती करणाऱ्यांसाठी शपथपत्राचा वेगळा नमुना दिला. जमीन किती, पीक कोणते, जनावरे किती, असे त्यात विचारले आहे. वीस एकरवाल्याला निदान प्रश्न तरी विचारला जाऊ लागला, ही मोठी गोष्ट आहे. १ जुलै २०२४ पासून जुन्या संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि १२५चे कलम १४४ झाले, तरी ही रीत चालूच आहे.

याच निकालात आणखी एक ओळ आहे. पक्षकार आर्थिकदृष्ट्या दुर्बल असतील, दारिद्र्यरेषेखालचे असतील किंवा नैमित्तिक मजूर असतील, तर त्यांना शपथपत्र देण्याची आवश्यकता नाही. यामागची दया समजण्यासारखी आहे. पानेच्या पाने भरणारा वकील मजुराने कोठून आणावा? पण याचा अर्थ असाही होतो, की मिळकत मोजण्याचे आजवरचे सर्वांत बारीक साधन न्यायालयाने तयार केले आणि आपल्या लेकरांच्या बापांना त्यातून वगळले. त्यांच्यासाठी उरला अंदाज. किमान वेतनाचा दर घ्यायचा, त्याला महिन्याच्या दिवसांनी गुणायचे. जणू महिनाभर काम मिळते, आणि जणू किमान वेतन मिळतेच. रोजगार हमीच्या कामावर ज्यांनी मस्टर पाहिले आहे, त्यांना हा गुणाकार कळेल.

आईची मिळकत मात्र अंदाजाने मोजावी लागत नाही. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की पत्नीची पोटगी ठरवताना तिची स्वतःची मिळकत विचारात घ्यावी. ते प्रकरण नोकरी करणाऱ्या बाईचे होते. तालुक्याच्या न्यायालयात हे तत्त्व उलटतपासणीच्या एका प्रश्नात उतरते. 'तू मजुरीला जातेस ना?' बाई म्हणते, 'जाते.' नवऱ्याने लपवावे आणि बाईने खरे बोलावे, असे हे होते. थोडीफार मजुरी मिळते म्हणून पोटगी नाकारता येत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये सांगितले आहे. तरीही तिचे 'जाते' हे उत्तर लिहून घेतले जाते आणि लेकराच्या रकमेतून कोठेतरी वजा होते. ती न जाती तर अर्ज निकाली निघेपर्यंत लेकराने काय खाल्ले असते, हे कोणी विचारत नाही.

वसुलीचाही इतिहास असाच आहे. नोकरदाराचा पगार जप्त होतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या साठाव्या कलमाप्रमाणे पोटगीच्या हुकूमनाम्यासाठी पगाराचा एक तृतीयांश सोडून बाकी भाग जप्तीला पात्र आहे. त्याच कलमाने मजुराची आणि घरगड्याची मजुरी जप्तीतून पूर्ण वगळली. सावकाराच्या तावडीतून मजुराला वाचवणारी ही तरतूद आहे, तिचे मोल मी जाणतो. पण टाकलेले पोर आणि सावकार यांना तिने एकाच रांगेत उभे केले. मग राहतो फौजदारी मार्ग : वॉरंट, आणि थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी महिन्यापर्यंतची कैद. कैद भोगली म्हणून देणे फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये स्पष्ट केले. तत्त्व म्हणून ते योग्यच आहे, तरी आत बसलेल्या मजुराचा रोजही त्या काळात बुडतो.

शेवटी ऊसतोडीचे एक उदाहरण घेतो, कारण त्यात या साऱ्या मोजमापाची फजिती दिसते. बीड, नगर, जालना भागांतून दर साली दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या कारखान्यांवर जातात. तेथे मजूर माणसाने मोजत नाहीत, कोयत्याने मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. मुकादम हंगामाआधी उचल देतो ती जोडीला, पण पैसे घेतो आणि अंगठा देतो तो नवरा. मग टनावारी तोड करून ती उचल फेडायची. एक दिवस गेले नाही तर खाडा कापला जातो. हंगाम संपला आणि उचल फिटली नाही, तर राहिलेले पुढच्या सालावर.

अशा जोडीतली बाई मुलांना घेऊन वेगळी झाली आणि तिने अर्ज केला, तर नवऱ्याची मासिक मिळकत काय लिहायची? उचल ही मिळकत म्हणावी तर ती कर्ज आहे. कर्ज म्हणावे तर त्यातल्या निम्म्या टनांची मोळी बाईच्या डोक्यावरून गाडीपर्यंत गेली आहे. नवरा न्यायालयात खरेच सांगू शकतो, की बायको गेल्यापासून आपण अर्धा कोयता झालो, मुकादम आता पुरी उचल देत नाही. त्याची मिळकत कमी झाली ती तिच्या जाण्याने, म्हणजे ती मिळकत निम्मी तिचीच होती. नवऱ्याचे किमान वेतन गुणिले सव्वीस दिवस, या हिशेबात ती निम्मी कोठेच येत नाही. फडावर पाचटात निजवलेल्या पोराच्या नावाने न्यायालय रक्कम ठरवते ती बापाच्या मिळकतीतून. त्याच्या आईच्या सहा महिन्यांच्या तोडीचे पैसे मुकादमाच्या वहीत बापाच्या नावावर जमा असतात, आणि ती वही न्यायालयात हजर करण्याचे समन्स सहसा कोणी काढत नाही.